जेवल्याशिवाय नाही

सोमवार, १३ जुलै १९९८

ही डायरी पतपेढीने यांना जानेवारीत फुकट दिली होती. तेव्हापासून पंचांगाखाली पडून होती, आज मी घेतली. मनातलं सांगायला माणसं नाहीत असं नाही. पण ज्याला सांगावं तोच घाबरतो, आणि मग त्याला धीर देण्यात माझाच दम जातो.

पहिल्या पानावर नाव-गाव लिहायचं असतं म्हणून लिहिते. प्रेमला हिरामण, राहणार वसई, घरची वाडी, मोगरा आणि केळी. दुखण्याचं नाव मला नीट उच्चारता येत नाही. परळच्या मोठ्या इस्पितळात फोटो काढले, तेव्हा कळलं की फुप्फुसांना आतून सूज आहे आणि तिथे जाळी धरायला लागली आहे. मे महिन्यापासून गोळी चालू आहे, स्टिरॉइडची. गावातले सिप्रियन डॉक्टर बघतात. त्यांनी दोन गोष्टी माझ्याकडून शाळेतल्या पोरीसारख्या म्हणवून घेतल्या. एक, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. दोन, जेवल्याशिवाय घ्यायची नाही, नाहीतर पोटात आग पडते.

खोटं कशाला बोलू, गोळीने मला श्वास दिला. मे महिन्यात मोगऱ्याच्या ओळीच्या टोकाला जाईपर्यंत दोनदा बसावं लागायचं. आता पाटी भरून फुलं खुडते. पण ज्याने दिलं त्याचीच भीती वाटते. आई याच दुखण्याने गेली असणार. तिला सगळे दमाच म्हणायचे. खाटेवर बसून, हात गुडघ्यांवर टेकून, मान पुढे काढून ती बसायची. शेवटी शेवटी तिने बोलणं सोडलं होतं, श्वास पुरवून वापरायची. मला तसं बसायचं नाही.

बुधवार, २९ जुलै

आज आरशात बघितलं आणि टिकली लावायची विसरले. गाल इतके फुगलेत की डोळे बारीक दिसतात. मानेमागे मांसाचा गोळा आलाय. हनुवटीवर लव. दंडाला नुसता कडीचा धक्का लागला तर काळंनिळं होतं.

आणि भूक! काल सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी उरलेला भात उभ्यानेच संपवला. कुत्र्यासाठी ठेवलेली पोळीसुद्धा. कुत्रं माझ्याकडे बघत होतं. मला रडू आलं आणि रडता रडता त्याच्यावरच ओरडले.

लोकांना वाटतं मी मजेत आहे. बाजारात जी भेटते ती म्हणते, "प्रेमला, तब्येत सुधारली गं!" आपल्याकडे बाई जाड झाली की तब्येत सुधारली. आतून माणूस पोखरला गेला तरी गाल वर आले म्हणजे झालं. मी हसते आणि म्हणते, हो, वाडीतली केळी खाते ना.

फक्त बेटी तसं म्हणाली नाही. बेटी म्हणजे आमच्या कुंपणापलीकडची, तिचीही भाजीची वाडी आहे. लहानपणापासूनची मैत्रीण. ती म्हणाली, "तुजा चेहरा गेला कुठं गं? दुसऱ्याच कोनाचा लावून आलीस."

रविवार, ९ ऑगस्ट

ऋतिकाचं डोहाळजेवण झालं. माझी एकुलती एक लेक, विरारला दिली आहे. सासरची माणसं नोकरदार, चांगली आहेत. ऋतिका हिरव्या साडीत, फुलांची वाडी लेवून बसली तेव्हा माझा जीव तिच्यात नुसता गोळा झाला. वाडी मीच गुंफली, सगळ्या कळ्या आपल्या घरच्या.

पण विहीणबाई सुहासिनीबाईंनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही स्टिरॉइड घेता म्हणे? आमच्या ऑफिसात एकांच्या बहिणीला होतं. हाडं ठिसूळ होतात हो त्याने, सवय लागते, मग सुटतच नाही." मग आवाज आणखी मऊ करून म्हणाल्या, "मी काय म्हणते, बाळंतपण विरारलाच करू. तुम्हाला कशाला दगदग? बाळाला उचलायचं, शेक-शेगडी, धूर. तुमच्या छातीला झेपायचं नाही."

वाईट हेतू नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं नाही तर मी आई कशाला झाले? मी म्हणाले, "अहो, काही नाही, गोळी आता संपतच आली." धादांत खोटं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो माझ्यामागे चालतोय, आणि मी त्याला पाहुण्यांसमोर ओळख दाखवत नाही.

सगळे गेल्यावर विरारच्या डोंगराकडे तोंड करून हात जोडले. म्हटलं, जीवदानी आई, तुझ्या नावातच जीवाचं दान आहे. माझी लेक माझ्या घरात सुखरूप मोकळी होऊ दे. मला तिचं करण्याइतका श्वास दे. नवरात्राचे नऊ दिवस धान्याचा कण तोंडात घालणार नाही.

मंगळवार, २५ ऑगस्ट

गणपती बसले. काल हरतालिका होती, निर्जळी. पोटात पाणी नाही, मग गोळी कशी घ्यायची? डॉक्टरांनीच सांगितलंय, जेवल्याशिवाय नाही. म्हणून घेतली नाही. दिवसभर भीतीने छाती धडधडत होती. श्रावणी सोमवारी मी संध्याकाळी उपवास सोडल्यावर घ्यायचे, पण अख्खा दिवस खाडा पहिल्यांदाच.

काही झालं नाही! आज सकाळी मोदकांचं पुरण मीच ढवळलं. एवढी भ्यायले ती उगाच.

शनिवार, ५ सप्टेंबर

ऋतिका आली. सुहासिनीबाईंनी शेवटी पाठवली, जावईबापूंनी आईला समजावलं असणार. पोट चांगलं वर आलंय. माझ्याकडे बघून तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "आई, मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? गाल सुजले म्हणून ट्रंक कॉल लावू?"

ती हसली, पण माझा हात सोडला नाही.

सिप्रियन डॉक्टरांकडे जाऊन आले. साखर जराशी वाढली आहे म्हणाले. मी विचारलं, गोळी कधी सुटेल? म्हणाले, "मावशी, दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं. ही गोळीसुद्धा मुंगीच्या पावलानेच कमी करायची. दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर! तोवर हाडांचं काय उरेल? परवा पाटावरून उठताना कंबरेत कट्ट झालं, तेव्हापासून ऐकू येईल तो प्रत्येक आवाज मला हाडाचाच वाटतो.

रविवार, २० सप्टेंबर

उद्या घट बसणार. यंदा एक तिथी दोन दिवस आहे, दसरा एक तारखेला. आज दुपारी शेवटचं धान्य जेवले. वरणभात, वालाची भाजी, आणि त्यावर गोळी.

नऊ दिवस गोळीचं काय, याचा मी नीट विचार केलाय. दूध-केळ्यावर राहणार आहे. केळं खाणं म्हणजे काही जेवण नव्हे. केळीच्या वाडीत जन्म गेला, पण केळं खाऊन कोणी "जेवले" म्हटलेलं ऐकलं नाही. जेवण म्हणजे ताट, त्यात भात. आणि डॉक्टरांनी बजावलंय, जेवल्याशिवाय नाही. बरं, मी गोळी बंदही करत नाही. बंद करणं वेगळं आणि खाडा वेगळा. हरतालिकेला काय झालं? काही नाही.

सिप्रियन डॉक्टरांना विचारावं असं एकदा मनात आलं. पण ते ख्रिस्ती, आपला उपवास त्यांना काय कळणार? नको म्हणाले असते, आणि देवीला दिलेला शब्द मी मोडला असता. ऋतिकाच्या पोटातल्या बाळावर ते ओझं कोण टाकणार? यांनाही बोलले नाही. यांना वाटतं सकाळच्या चहाबरोबर मी गोळी घेतेच.

मंगळवार, २२ सप्टेंबर

दुसरी माळ. झेंडूचा तोडा मोठा झाला, हे पहाटेच फुलं घेऊन गेले. मी घटाला माळ घातली. अंगात हलकं वाटतंय.

आणि नवल म्हणजे भूक गेली! मे महिन्यापासून जी राक्षसिणीसारखी मागे लागली होती ती आज फिरकलीसुद्धा नाही. रात्री झोपही लागली. देवीने भूक काढून घेतली असं मी ऋतिकाला सांगितलं. ती म्हणाली, "तू काहीतरी खा गं पण." खाल्लं की, दोन केळी.

गुरुवार, २४ सप्टेंबर

आरशात गाल उतरल्यासारखे वाटतात. खरंच! हनुवटी दिसायला लागली. माझा चेहरा परत येतोय. एवढा आनंद झाला की बेटीला कुंपणावरून हाक मारून दाखवला.

बेटी हसली नाही. "चेहरा कसला, तू पांढरी पडलीस. ओठ बघ कसे झाले. प्रेमला, आमच्यात चाळीस दिसांच्या उपासाला फादरच सांगतात, आजारी मानसाने करू नये. तुजी देवी काय फादरपेक्षा कडक हाय?"

मी म्हटलं, देवीला मध्ये आणू नकोस. उपवासाने अंग मोडतंच. गुडघे, खांदे, बोटांचे सांधे सगळे दुखताहेत. शुद्धी होताना असंच होतं म्हणतात.

खरं लिहू? पायरी चढताना आज पुन्हा थांबावं लागलं. तो जुना, आईसारखा श्वास. मी कोणाला दिसू दिलं नाही.

शनिवार, २६ सप्टेंबर

उठलं की डोळ्यांपुढे अंधार येतो. सकाळी दूध घेतलं ते उलटलं. केळंही पोटात राहत नाही. ताप आहे की नाही कळत नाही, अंग थंड आणि कपाळ गरम.

ऋतिका रडवेली होऊन म्हणाली, "आई, डॉक्टरकडे चल." मी खेकसले तिच्यावर. पोटुशा पोरीवर! मग तिच्या पायाशी बसून राहिले. बसले ती हात गुडघ्यांवर टेकून. माझ्या लक्षात आलं आणि मी झटकन हात काढले.

खूप भीती वाटते आहे. पण आता मोडला तर सगळंच वाया. थोडेच दिवस राहिलेत. आई जीवदानी, मला नाही, पोरीला सांभाळ.

रविवार, २७

हात थरथरतो. माळ करवली नाही. पाणी

बुधवार, ३० सप्टेंबर

इस्पितळात आहे. बंगली नाक्याजवळचं, आपल्या वसईतलंच. ऋतिकाने डायरी आणून दिली. तिने वाचली नाही म्हणते, पण डोळे सुजलेले दिसतात.

रविवारी मी बावखलाच्या पायरीवर पडले. वाडीला पाणी देतो ते आमचं तळं. घागर बुडाली, मी काठावर राहिले. बेटीने बघितलं. तिचा नवरा ॲन्सेल्म रिक्षा चालवतो, त्याने आणि यांनी मला उचलून घातलं. मला एवढंच आठवतं की रिक्षा धावत होती आणि हे एकसारखं म्हणत होते, "प्रेमला, दम घे, दम घे." श्वास घे म्हणायचं होतं त्यांना.

रक्तदाब लागत नव्हता म्हणे. सिप्रियन डॉक्टरांनी यांना विचारलं, गोळी बंद केली का? यांनी छातीठोक सांगितलं, "नाय, रोज घेते, चहासंगती." ऋतिकाही तेच म्हणाली. मग काय असेल म्हणून सगळे चाचपडत होते. तरी डॉक्टरांनी वाट न बघता सुई दिली. कसली? स्टिरॉइडचीच. जिला भिऊन मी अर्धी झाले, तीच शिरेतून आत गेली तेव्हा मी डोळे उघडले.

काल त्यांनी मला एकटीला विचारलं. "मावशी, गोळी कधी बंद केलीत?"

"बंद नाही केली. उपवास होता."

"उपवास असला म्हणून?"

"तुम्हीच म्हणालात, जेवल्याशिवाय नाही. मी जेवलेच नाही."

ते मग खाटेवर, माझ्या पायाशी बसले. म्हणाले, "मी याच वसईत वाढलो. माझी आई आणि तुमची आई एकाच बाजारात बसायच्या. मला हे कळायला हवं होतं. पोटात काहीतरी असू दे, एवढंच म्हणायचं होतं मला. केळं चाललं असतं."

केळं चाललं असतं. इतके दिवस मी केळीच खात होते!

मग त्यांनी समजावलं. हे औषध माणसाच्या शरीरात थोडं थोडं आपोआप तयार होतं. महिनोन्महिने बाहेरून मिळालं की आतला झरा बुजतो. "तुमच्या बावखलाचा झरा बुजलाय असं समजा. वरून ओतता ते पाणी एकदम थांबवलंत तर तळ उघडा पडणारच. हरतालिकेला एका दिवसात तळ दिसला नाही, एवढंच. झरा हळूहळू मोकळा होतो, म्हणून हळूहळूच कमी करायचं." मी विचारलं, नाहीच मोकळा झाला तर? ते म्हणाले, "तर रोज ओतायचं. माणूस जगतो तसाही."

हे मला धीर द्यायला बोलले असतील. मला आणखी भीती वाटली. गोळी घेतली तर हाडं जातात, नाही घेतली तर जीव. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आणि नवस? तो तर मोडला. मला शिरेतून साखरपाणी घातलं, काल भाताची पेजही पाजली. देवी आता ते कोणाकडून वसूल करील? ऋतिका समोर बसली होती. तिच्या पोटाकडे मला बघवेना.

यांची तब्येतही उतरली आहे. माझ्या काळजीने असेल. बेटीने डब्यात भात-आमटी आणली तर डबा तसाच ऋतिकाला दिला आणि हे व्हरांड्यात जाऊन केळी खात बसले. रविवारपासून असंच चाललंय म्हणे. जन्मात कधी एक एकादशी न केलेला माणूस, याला भाताशिवाय घास उतरत नाही. चिंतेने माणसाची चवच जाते.

गुरुवार, १ ऑक्टोबर

दसरा. हे सकाळी वाडीत जाऊन घट हलवून आले. घटातलं धान्य चांगलं हिरवं उगवलं होतं, त्यातले कोंब माझ्या उशाशी ठेवले. मी रडले. म्हटलं, "माझा नवस मोडला हो. ऋतिकाला काही झालं तर?"

"नवस नाय मोडला तुजा."

"कसा नाही? मी पेज प्यायले."

"मी सांगतो ना, नाय मोडला. नऊच्या नऊ दिस झाले. गप पड."

पुरुषांना यातलं काय कळतं! समजूत घालायला काहीही बोलतात. दुपारी मात्र त्यांनी बेटीचा डबा चाटूनपुसून संपवला आणि आणखी भात आहे का विचारलं. मी शुद्धीवर आले तशी भूकही परत आली असणार.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

काल ऋतिका मोकळी झाली. मुलगी. दोघी सुखरूप. देवीने वसूल केलं नाही! का केलं नाही ते मला कळत नाही, आणि विचारायचीही भीती वाटते.

सुहासिनीबाई आल्या होत्या. मी त्यांना सरळ सांगितलं की गोळी चालू आहे, पुढेही चालू राहील, आणि शेगडी दुसऱ्या खोलीत ठेवू. ताकाला जाऊन भांडं लपवायचा मला कंटाळा आला. त्या मग म्हणाल्या, "बाळंतिणीची आंघोळ मी येऊन घालीन. बाकीचं तुम्ही करा."

बाळ माझ्या मांडीवर दिलं. गाल पुन्हा फुगलेत माझे, पहिल्याइतकेच. डोळे किलकिले करून ते माझ्याकडे बघत होतं. त्याला माझा आधीचा चेहरा माहीतच नाही. त्याच्या आजीचा चेहरा हाच.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

आज कार्तिकी एकादशी. पहाटेच जाग आली ती धास्तीने. आजवर एकही कार्तिकी मोडली नाही. गोळी तर घ्यायलाच हवी, आणि गोळी जेवल्याशिवाय नाही. डॉक्टरांनी एवढं सांगून झालं तरी जिभेवर तेच वाक्य चढलेलं, उतरत नाही. चुलीपुढे बसून राहिले. उठून डबा उघडावा की देवापुढे हात जोडावेत, समजेना.

हे आले. स्वयंपाकघरात हे पाणी प्यायलासुद्धा येत नाहीत, तर आज पाट मांडला. केळीचं कोवळं पान तोडून आणलं होतं, ते मांडलं, भोवती पाण्याचं मंडल काढलं. पानावर एक केळं ठेवलं, सोलून. शेजारी गोळी.

"ताट वाढलंय," म्हणाले. "जेव."

"अहो, हे केळं आहे."

"या घरात आजपासून याला जेवन म्हनायचं. उपासपन नाय मोडला, नि जेवनपन झालं." मग पानाकडे बघत, जरा लाजून म्हणाले, "मला ठावं हाय. केळ्यावर मानूस चार दिस चांगला राहतो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. व्हरांडा. नऊच्या नऊ दिस झाले.

आत बाळ उठलं होतं, ऋतिका त्याला थोपटत होती. भीती आहे तशीच आहे. हाडांची आहे, झऱ्याची आहे, आईच्या त्या बसण्याची आहे. ती काही जायची नाही, रोज माझ्याबरोबर पानावर बसणार.

मी पाटावर बसले आणि जेवले. मग गोळी घेतली.